भाड्याच्या घरातलं वायरिंग: आपण कुठपर्यंत हात घालायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगावात जुन्या इमारतीत वन बीएचके, लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेला. एसी आणि गिझर एकदम लावले की एमसीबी (लोड जास्त झालं की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. किचनच्या बोर्डाला हात लावला तर तो गरम लागतो. मालक म्हणतात, "तुम्हाला काय करायचं ते करून घ्या, मला खर्च सांगू नका." विचारणाऱ्याने आयटीआयमधून वीजतंत्रीचा कोर्स केलाय, नोकरी मात्र दुसरीकडे करतो. सुट्टीच्या दिवशी आपणच घरभर नवीन वायर ओढली तर कायद्याने चालेल का, असं त्याने विचारलंय.

सगळं वायरिंग स्वतः बदलणं कायद्यात बसत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुम्हाला सगळं वायरिंग बदलायची गरजही दिसत नाही. मी परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे आणि माझी बरीच कामं अशाच जुन्या, भाड्याने दिलेल्या घरांतली असतात. तिथे मी भाडेकरूला एकच सांगतो: घर सुरक्षित होईल एवढाच बदल करा, तो लेखी संमतीने करा, आणि परवाना असलेल्या माणसाकडून करा. यामागची कारणं नीट सांगतो, म्हणजे मालकाशी बोलताना तुम्हाला उपयोग होईल.

आधी कायदा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, सध्याचे २०२३ चे. त्याआधी २०१० चे होते आणि त्याही आधी १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम हेच सांगायचा. गाभा तोच राहिलाय. ग्राहकाच्या जागेत विजेचं कोणतंही काम, मग ते नवीन असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, राज्य सरकारचा परवाना असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं. त्यावर सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरची देखरेख हवी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परमिट हवं. सूट फक्त एवढी की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं आणि फिटिंग्ज तुम्ही बदलू शकता, पण त्या बदलाने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये.

सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे. सहा अँपिअरचा जळालेला स्विच काढून सहाचाच नवीन लावला, तर तो तुमचा अधिकार. जुना खोका रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक लावला, चालेल. पण सहाच्या सॉकेटच्या जागी सोळाचं सॉकेट बसवलंत तर मागे वायर तीच राहते आणि पुढे मात्र दुप्पट-तिप्पट लोड लावायची सोय होते. क्षमता बदलली, काम परवान्याच्या कक्षेत गेलं. सोळाचा एमसीबी काढून बत्तीसचा लावणंही तसंच. एसीसाठी वेगळी लाइन ओढणं, बोर्डाची जागा हलवणं, बेडरूमच्या बोर्डातून गॅलरीसाठी पॉइंट काढणं, हे सगळं परवान्याचंच काम.

तुमच्या आयटीआयबद्दल. प्रमाणपत्र उपयोगाचं आहे, पण ते परमिट नव्हे. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून वायरमनचं परमिट वेगळं घ्यावं लागतं. ते घेतलंत तरी ते कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम करायचं परमिट असतं, स्वतःच्या जबाबदारीवर घरं वायर करायचा परवाना नाही. तुमच्या कौशल्यावर कोणी शंका घेत नाहीये. उद्या काही झालं तर काम कोणी तपासलं आणि सही कोणाची, याला उत्तर असावं म्हणून ही साखळी आहे. आग लागली, कोणी दगावलं, तर चौकशीत पहिला प्रश्न हाच येतो. परवान्याविना केलेलं काम त्या वेळी तुमच्या गळ्यात पडतं, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं १०६ कलमही आहे.

आता घराची बाजू. इथे तुमचा करार कोणत्या प्रकारचा आहे यावर बरंच अवलंबून आहे.

लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्हाला फक्त जागा वापरायची परवानगी असते. जवळपास प्रत्येक करारात "फेरफार करणार नाही" असं कलम असतं, ते शोधून वाचा. मालक तोंडी "करून घ्या" म्हणाले, यावर विसंबू नका. अकरा महिन्यांनी घर सोडताना भिंतीतल्या झिरीवरून (वायरसाठी खोदलेल्या खाचेवरून) डिपॉझिट अडकलेलं मी अनेकदा पाहिलंय, आणि तेव्हा मालकाला आपण काय बोललो होतो ते आठवत नाही. ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: काय काम, कुठे, कोण करणार, खर्च कोणाचा, आणि घर सोडताना काय काढून नेणार, काय ठेवणार.

पागडीच्या घरातल्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू होतो. त्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे घर दुरुस्त ठेवायची जबाबदारी मालकाची. नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ऐकायला छान वाटतं. पण एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. पागडीचं भाडं महिना ३०० रुपये असेल तर वर्षाचे झाले ३,६००, त्यातून निघाले ९०० रुपये. तेवढ्यात एक चांगला आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) आला तरी खूप. म्हणून गिरगाव-लालबागच्या चाळींत लोक आपल्याच खिशातून करतात, आणि तेच व्यवहाराला धरून आहे. याच कायद्याच्या १६ व्या कलमात मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर घर खाली करायला लावता येतं असं म्हटलंय, पण एसी बसवणं त्यात धरत नाहीत असा खुलासाही तिथेच आहे. आणि २९ व्या कलमाप्रमाणे योग्य कारणाशिवाय मालकाला भाडेकरूची वीज तोडता येत नाही. वाद चिघळला असेल तर मात्र वकिलाला दाखवा, इलेक्ट्रिशियनला नको.

तिसरी परवानगी लोक विसरतात, ती वीज कंपनीची. मुंबईत तुमच्या भागाप्रमाणे बेस्ट, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरण. खालच्या मीटर केबिनमधलं मीटर, त्याचं सील आणि कंपनीचा कटआउट (मीटरजवळचा कंपनीचा फ्यूज) यांना हात लावायचा नाही, फ्यूज गेला असला तरी नाही. तिथे अनधिकृत जोडणी किंवा छेडछाड केली तर विद्युत अधिनियम २००३ च्या १३८ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच्या पुढची, म्हणजे वर तुमच्या घरात येणारी वायर ग्राहकाची. ती डक्टमधून येत असेल तर सोसायटीला विचारल्याशिवाय बदलता येणार नाही. तुमच्या बिलावर "मंजूर भार" म्हणून आकडा असतो तो पाहा. एसी धरून तुमचं लोड त्यापेक्षा जास्त होत असेल तर भार वाढवून घ्यावा लागेल, आणि मीटर मालकाच्या नावावर असेल तर अर्जावर सही त्यांचीच लागते. इथे "मला खर्च सांगू नका" म्हणणारे मालकही बोलायला तयार होतात, कारण त्यांच्या सहीशिवाय काम पुढे सरकत नाही.

आता तुमच्या घरात नेमकं काय होतंय ते पाहू. दीड टनाचा एसी साधारण १,६०० वॅट, गिझर २,०००. दोन्ही मिळून ३,६००. २३० व्होल्टला ते सुमारे साडेपंधरा अँपिअर. त्याच लाइनवर मायक्रोवेव्ह लागला की वीसच्या वर गेलात. सोळाचा एमसीबी पडतोय म्हणजे तो त्याचं काम चोख करतोय. एमसीबी तुमच्या एसीला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. तो पडतो म्हणून मोठा लावा असं सांगणारा माणूस पुन्हा घरात घेऊ नका.

असंच एक घर मी पार्ल्यात पाहिलं. आधीच्या कोणीतरी सोळाच्या जागी बत्तीसचा एमसीबी लावून "तक्रार मिटवली" होती. किचनचा बोर्ड उघडला तर आत ॲल्युमिनियमची जुनी वायर. स्क्रूखाली पांढरट भुकटी साचलेली, स्क्रू अर्धा फेरा फिरला तेव्हा कुठे घट्ट झाला. लाल इन्सुलेशन टोकाला विटकरी होऊन कडक झालं होतं, नखाने दाबलं तर तुकडा पडला. हिरवी वायर सॉकेटच्या अर्थ पिनला व्यवस्थित जोडलेली होती, आणि बोर्डाच्या मागे चार बोटांवर संपलेली होती. तिचं दुसरं टोक कुठेच जात नव्हतं. बाहेरून तीन पिनचं चकचकीत सॉकेट दिसत होतं.

ॲल्युमिनियम सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पुष्कळ इमारतींत सापडतं. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं, जोड सैल होतो, वर ऑक्साइडचा थर धरतो, आणि लोड आलं की तो जोड तापतो. तुमच्या बोर्डाचा गरमपणा बहुतेक यातलाच आहे. वायर भिंतीत धडधाकट असू शकते आणि दुखणं फक्त जोडात असू शकतं, म्हणून उघडून पाहिल्याशिवाय आणि मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्याशिवाय कोणी "सगळं बदलावं लागेल" म्हणालं तर त्याला कारण विचारा. ५०० व्होल्टच्या मेगरने एक मेगओहमच्या वर रीडिंग येत असेल आणि जोड नीट करता येत असतील, तर दिवे-पंख्यांची जुनी लाइन तशीच ठेवायला मी तयार असतो. एक मेगओहमच्या खाली आलं, किंवा पावसाळ्यात खाली येतं आणि उन्हाळ्यात वर जातं, तर ती वायर बाद. मुंबईच्या ओल धरणाऱ्या भिंतीत ते प्रकरण वाढतच जातं.

तुमच्या घरात मी काय करीन ते सांगतो. मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, हे पहिलं. वायरिंग जुनं असो, अर्थिंगची खात्री नसो, माणसाच्या अंगातून करंट जमिनीकडे जाऊ लागला की हा क्षणात तोडतो. एमसीबी तसं करत नाही, त्याला तेवढा करंट दिसतही नाही. उलट आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून दोन्ही लागतात. तो बसवला आणि लगेच पडू लागला तर बहुतेक वेळा कुठेतरी दोन लाइनचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात किंवा गिझरचा एलिमेंट गळतोय. शोधा. "सारखा पडतो" म्हणून बायपास करू नका. त्यावरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबत राहा.

दुसरं अर्थिंग. एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: ग्राहकासाठी अर्थ टर्मिनल पुरवठ्याच्या सुरुवातीजवळ देणं आणि सांभाळणं ही पुरवठादाराची जबाबदारी नियमांत लिहिलेली आहे. ते टर्मिनल मीटर केबिनमध्ये आहे का, आणि तिथून तुमच्या मजल्यापर्यंत अर्थची वायर आली आहे का, हे कॉन्ट्रॅक्टरला तपासायला सांगा. अर्थ मिळत नाही म्हणून नळाच्या पाइपला वायर बांधणं किंवा सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकणं, हे दोन्ही जीवघेणे आहेत. न्यूट्रल कुठे तुटला की फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण व्होल्टेज येतं. नळाचं तर विचारूच नका, वरच्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्याला शॉक बसेल.

तिसरं, एसी आणि गिझरला दोन वेगळ्या लाइन, चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने, प्रत्येकीला स्वतंत्र एमसीबी. वायर आयएसआय मार्कची आणि एफआर (आग सहज न पसरवणारी) किंवा एफआरएलएस (शिवाय धूर कमी करणारी) घ्या. या लाइन मी भिंत फोडून नेणार नाही, पीव्हीसी केसिंग पट्टीतून भिंतीवरून नेईन. भाड्याच्या घरात यासारखी सोय नाही. झिरी मारावी लागत नाही, प्लॅस्टर-रंगाचा वाद नाही, घर सोडताना मालकाला नको असेल तर पट्टी उतरवून चार भोकं बुजवली की झालं. जुन्या इमारतीत तर बीम-कॉलमवर छिन्नी चालवायचीच नाही, म्हाडाच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत राहत असाल तर आणखीच जपून. दिसायला भिंतीतलं वायरिंग बरं, हे मान्य, पण दुसऱ्याच्या भिंतीवर तो खर्च करायचं कारण मला दिसत नाही.

एवढं झालं की तुमच्या जुन्या लाइनवर फक्त दिवे, पंखे, टीव्ही, चार्जर राहतात. तेवढं बहुतेक जुनं वायरिंग आरामात झेलतं. कामानंतर कॉन्ट्रॅक्टरकडून परवाना क्रमांक असलेलं बिल आणि टेस्ट रिपोर्ट घ्या. एक प्रत मालकाला पाठवा. भार वाढवायचा असेल तर हाच टेस्ट रिपोर्ट कंपनीला लागतो. "बिल नको, दोन हजार कमी करतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

तुमच्या हौसेला आणि शिक्षणाला वाव नाही असं नाही. पॉइंट कुठे हवेत त्याचा आराखडा काढा, लोडची यादी करा, सामान स्वतः निवडून आणा, फर्निचर हलवा, नंतर भोकं बुजवून रंग द्या. मजुरीत फरक पडतो. आणि कामाच्या वेळी शेजारी उभे राहा, तुम्हाला कळतंय हे दिसलं की जोड घाईत मारले जात नाहीत.

स्विच-सॉकेट स्वतः बदलताना एक सावधगिरी. जुन्या इमारतींत मेन बंद केला म्हणजे बोर्ड मेला असं धरू नका. कुठे स्विच न्यूट्रलवर लावलेला असतो, कुठे शेजारच्या खोलीची लाइन तुमच्या बोर्डातून गेलेली असते. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पाहा, मग कामाच्या जागी, आणि शक्य असेल तर टेस्ट लॅम्पनेही. चाळीत अजून किटकॅट फ्यूज (चिनीमातीचा, तार बदलायचा जुना फ्यूज) असेल तर त्याची ग्रिप काढून खिशात ठेवा, म्हणजे कोणी मागच्या मागे मेन लावणार नाही.

मालकाने लेखी संमती द्यायचं नाकारलंच, तर? मग लोड कमी करा. एसी-गिझर एका वेळी लावू नका. पाणी तापवून गिझर बंद करा, मग एसी. प्लगमध्येच आरसीसीबी असलेले टॉप मिळतात, गिझरला तो लावता येतो आणि घर सोडताना नेता येतो. गॅस गिझरकडे वळायचा मोह होईल, पण बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं गेली आहेत, तो मी सुचवणार नाही. आणि बोर्ड तापतोय ही गोष्ट मालकाला फोटोसह लेखी कळवा. त्यानंतरही त्यांनी काही केलं नाही, तर अकरा महिने संपायची वाट न पाहता दुसरं घर शोधा.

तोवर किचनचा तो गरम बोर्ड वापरू नका. आजपासूनच. जळकट वास आला, प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं किंवा आत चरचर ऐकू आली, तर मेन बंद करून कॉन्ट्रॅक्टरला बोलवा.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: बिलावरचा मंजूर भार, घरातल्या मेन बोर्डाचा झाकण न काढता घेतलेला फोटो, आणि मीटर केबिनपासून तुमच्या घरापर्यंत येणारी वायर कुठून येते ते. बिलावरचं नाव-पत्ता झाकून पाठवा.